ट्रॉम्बोनला शाळा, तारप्याला पुरस्कार, बँडवाल्याला काय?

जानेवारी 2026 मध्ये पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातील वाळवंडा हे गाव एका रात्रीत वर्तमानपत्रांत आले. तेथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. नव्वदीच्या घरातले हे वारली गृहस्थ लहानपणापासून तारपा फुंकत आले आणि स्वतःच्या हाताने तारपा बनवत आले. त्यांच्या आधी 2011 साली डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रकलेसाठी पद्मश्री मिळाली होती. म्हणजे ज्या चित्राच्या मधोमध तारपावाला उभा असतो, त्या चित्राचा सन्मान झाल्यावर प्रत्यक्ष तारप्याचा सन्मान व्हायला पंधरा वर्षे गेली. उशिरा का होईना, झाला. भिकल्याबाबांचे या स्तंभातून मनःपूर्वक अभिनंदन.

अभिनंदन करून झाले. आता प्रश्न विचारले पाहिजेत.

याच जव्हार तालुक्यात दाभोसा आहे. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडचे लोक गाड्या भरभरून दाभोशाचा धबधबा पाहायला येतात, फोटो काढतात, भजी खातात आणि अंधार पडायच्या आत परत फिरतात. या दाभोशातल्या किंवा शेजारच्या एखाद्या पाड्यावरच्या आठवीतल्या मुलीने उद्या ठरवले की मला फुंकून वाजवायचे वाद्य शिकायचे आहे, मग तो तारपा असो, सनई असो, नाहीतर तो पितळी ट्रॉम्बोन असो, तर तिने कुठे जायचे? तिच्यासाठी शाळा कुठे आहे? शिक्षक कुठे आहे? त्याच्या पगाराची तरतूद कोणत्या खात्यात आहे?

ट्रॉम्बोनचे नाव मुद्दाम घेतले. आपल्या महानगरांत पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या ज्या संस्था आहेत, तिथे परदेशी ऑर्केस्ट्रातला एखादा वादक पाहुणा म्हणून येतो. तासभर वाजवतो, मग विद्यार्थ्यांना एकेकाला समोर उभे करून शिकवतो. त्याला मास्टरक्लास म्हणतात. ट्रॉम्बोनवादक आला तर ते ऐकण्यासारखे असते. सुमारे नऊ फूट लांबीची पितळी नळी दुमडून केलेले हे वाद्य. त्याला बाकीच्या पितळी वाद्यांसारखी बटणे नसतात. एक नळी दुसरीवरून मागेपुढे सरकवायची आणि सात जागांवर सूर शोधायचा. त्या जागांवर खूण केलेली नसते, म्हणून कान आणि हात दोन्ही तयार लागतात. बेथोव्हनच्या 1808 सालच्या पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग हाताची घडी घालून बसून राहतात आणि चौथ्या भागात उठतात तेव्हा सारे सभागृह हादरते. अशा मैफलींना माझा विरोध नाही. विद्या कुठूनही येवो, ती घेतली पाहिजे. पण ती मैफल कुठे होते, समोर कोण बसते आणि दाराबाहेर कोण राहते, हे पाहणे आंबेडकरी माणसाला भागच आहे.

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे. 2006 साली तिथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह त्याचे संगीत संचालक झाले आणि वादकही मोठ्या संख्येने बाहेरच्या देशांतून आले. भारतीय वादक घडावेत म्हणून 2012 साली त्याच ठिकाणी संगीत अकादमी सुरू झाली. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची ट्रॉम्बोनची श्रेणी परीक्षा भारतात बसून देता येते. म्हणजे ट्रॉम्बोनला या देशात शाळा आहे, अभ्यासक्रम आहे, परीक्षक आहे, प्रमाणपत्र आहे. मात्र ज्याला फी परवडते आणि ज्याच्या घरी या गोष्टीची माहिती असते, त्याच्यासाठी.

आता दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात बँड आहेत. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम, कुठे कुठे ट्रॉम्बोनसुद्धा. ही वाद्ये उत्तर प्रदेशात मेरठच्या जली कोठी भागात तयार होतात आणि देशभर जातात. ती फुंकणारी माणसे कोण? ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकाने 2005 साली भारतातल्या बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' हा ग्रंथ लिहिला. बँडचा धंदा बहुतांशी समाजाने हलक्या ठरवलेल्या जातींच्या आणि गरीब मुसलमानांच्या हातात आहे, हे त्यात दिसते. आपल्याला ते कळायला ग्रंथाची गरज नाही. आपल्या वस्तीत पाहिले तरी कळते. मातंग, होलार, महार समाजातली माणसे हलगी, डफ, सनई वाजवत होती, त्यांच्यातल्याच काहींच्या हाती इंग्रजांच्या पलटणीबरोबर आलेली पितळी वाद्ये गेली. तेव्हा विचार करा, ज्या देशात पितळी वाद्य फुंकणारी एवढी माणसे पिढ्यानपिढ्या आहेत, त्या देशाला ऑर्केस्ट्रा उभारताना वादक कझाकस्तानातून आणावे लागतात. फुंकणाऱ्यांची वाण नव्हती. वाण होती ती शाळेची.

काही वर्षांपूर्वी एक बँडवाला माझ्याकडे आला होता. पन्नाशी ओलांडलेला, बँडचा युनिफॉर्म घडी करून पिशवीत आणि वाद्य गोणपाटात गुंडाळलेले. एका लग्नाची सुपारी घेतली होती. बयाणा मिळाला, बाकीचे पैसे वरपक्षाने बुडवले. कारण काय, तर ऐनवेळी त्यांनी डीजे बोलावला आणि बँडने पुरेसे वाजवले नाही असे म्हणाले. "वकीलसाहेब जयभीम, पैसे तर बुडलेच, पण त्यांनी बाजाला लाथ मारली," असे सांगून त्याने गोणपाट उघडले. आत ट्रॉम्बोन होता. तो त्याला नुसते 'बाजा' म्हणत होता. सरकणारी नळी चेपली होती, आणि ट्रॉम्बोनची नळी चेपली की वाद्य संपले. ती सरकतच नाही. मामाकडे पाहून पाहून तो शिकला होता. स्वरलिपी त्याला येत नव्हती, पण दीडदोनशे सिनेमाची गाणी तोंडपाठ होती. खोबरेल तेल लावून नळी कशी हलकी ठेवायची, हे त्याने मला इतक्या बारकाईने सांगितले की माझी पुढची तारीख चुकायची वेळ आली.

नोटीस टाइप करताना आमच्या कारकुनाने त्याच्या नावापुढे 'धंदा – मजुरी' असे टाकले. मी ते खोडून 'वादक' लिहायला सांगितले. तर अशीलच म्हणाला, "राहू द्या साहेब, मजुरीच बरोबर आहे. वादक लिहिले तर समोरचे हसतील." नोटीस गेल्यावर पैसे मिळाले. नळी दुरुस्त झाली की नाही, मला माहीत नाही. त्या वाक्याचे मात्र आजही मला काही करता येत नाही.

नगरातल्या संगीत शाळेत तेच वाद्य घेऊन उभा राहणारा पाहुणा 'कलावंत' असतो आणि मांडवाच्या दारात उभा राहणारा 'मजूर' असतो. दोघांची फुंक सारखीच दमछाक करणारी आहे. बँडवाल्याचे जेवण मात्र सर्वांत शेवटी आणि मांडवाच्या मागे.

काही विद्वान यावर म्हणतील, हा गुणवत्तेचा फरक आहे. गुणवत्ता! आरक्षणाच्या प्रत्येक वादात हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. म्हणून एका ट्रॉम्बोनवादक बाईची हकीकत वाचकांना सांगतो. वकील म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

ॲबी कोनान्ट या अमेरिकन ट्रॉम्बोनवादक. 1980 साली त्यांनी जर्मनीतल्या म्युनिक फिलहार्मोनिक या नामांकित ऑर्केस्ट्रात प्रमुख ट्रॉम्बोनवादकाच्या जागेसाठी अर्ज केला. बोलावण्याचे पत्र आले ते 'श्रीयुत ॲबी कोनान्ट' या नावाने. उमेदवार 33 होते, सोळावा क्रमांक यांचा. उमेदवारांत ऑर्केस्ट्रातल्या ओळखीच्या माणसाचा मुलगा होता, म्हणून पक्षपात नको या हेतूने त्या दिवशी परीक्षा पडद्याआडून झाली. परीक्षकांना वादक दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. कोनान्ट वाजवून झाल्या आणि परीक्षकांना आपला माणूस सापडला. उरलेल्या उमेदवारांना त्यांनी घरी पाठवले. मग पडद्याआडून बाहेर आली ती बाई! परीक्षकांचे चेहरे उतरले. ट्रॉम्बोन म्हणजे पुरुषाचे वाद्य, त्याला पुरुषाची छाती लागते, हा तिथला मनुवादच म्हणा.

पुढे संगीत संचालक सर्जिउ चेलिबिदाके यांच्या काळात 1982 साली त्यांना प्रमुख जागेवरून उतरवून दुय्यम जागेवर बसवण्यात आले. कारण दिले ते अंगातल्या ताकदीचे. कोनान्ट न्यायालयात गेल्या. फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या, अहवाल जोडले. स्वतंत्र तज्ज्ञासमोर अवघड जागा वाजवून दाखवल्या. प्रमुख जागा परत मिळाली तर पगार पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी ठेवला. त्यासाठी पुन्हा न्यायालय. 1993 साली हे सारे संपले. 1980 ची परीक्षा आणि 1993 चा निकाल, मध्ये तेरा वर्षे. दरम्यान त्या ट्रॉसिंगनच्या राज्य संगीत महाविद्यालयात ट्रॉम्बोनच्या प्राध्यापक झाल्या.

या प्रकरणातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. पहिली उघड आहे. ज्यांना आपण गुणवत्तेचे पारखी समजतो, ते कानाने कमी आणि डोळ्याने जास्त ऐकतात. पडदा होता तोवर ती सर्वांत उत्तम, पडदा सरकला की ती अपुरी. आपल्याकडे तर डोळ्याचीही गरज नसते. आडनाव विचारले की काम भागते. अमेरिकेत 1969 साली आर्ट डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन कृष्णवर्णीय वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे वर्णभेदाची तक्रार केली. बदली वादक घेताना भेदभाव होतो, हे आयोगाने 1970 साली मान्य केले, पण त्या दोघांना जागा मिळाल्या नाहीत. त्याच ऑर्केस्ट्रात पहिला कृष्णवर्णीय प्रमुख वादक, क्लॅरिनेटवाले अँथनी मॅकगिल, 2014 साली आला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि पडद्याचे गोडवे गाणारे ती विसरतात. पडदा कामाला येतो तो पडद्यापर्यंत पोचलेल्याच्या. म्युनिकच्या त्या 33 उमेदवारांच्या मागे संगीत महाविद्यालये होती, गुरू होते, वाद्य घेऊन देणारे कोणी होते. माझा अशील त्या 33 मध्ये चौतिसावा कधीच होऊ शकला नसता. त्याच्यासाठी पडदा लावला काय आणि काढला काय! म्हणून आधी शाळा, मग पडदा.

शाळेने काय फरक पडतो, ते आपल्या शेजारी गोव्यात पाहा. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांमधून खेड्यातल्या मुलांना स्वरलिपी वाचायला आणि वाद्य वाजवायला शिकवले जाई. त्या चर्चमध्येही जात होती, ब्राह्मण ख्रिश्चन आणि शूद्र ख्रिश्चन यांच्या धर्ममंडळ्या वेगळ्या होत्या, हे आपण विसरणार नाही. पण अक्षरासारखी स्वरलिपी गावात आली. त्या जोरावर गोव्याची माणसे मुंबईच्या सिनेमा स्टुडिओत पोचली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट. ट्रॉम्बोनवर ब्लास्को मोन्सोराते. अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या अंगणात स्वतःची सिम्फनी उभी केली. समोर ठेवलेला कागद वाचून वाजवता येत होते म्हणून ती माणसे स्टुडिओच्या आत गेली. त्यांनी वाजवलेली गाणी कानाने उचलून आपला बँडवाला मांडवाच्या दारात वाजवत राहिला. दोघांच्या मध्ये फक्त एक शाळा होती.

अमेरिकेतही हेच दिसेल. तिथल्या सरकारी शाळेत बँड हा विषय असतो, वाद्ये शाळेची असतात, ट्रॉम्बोन भाड्याने वा फुकट मुलाच्या हातात पडतो. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांचे कवायती बँड सगळ्या देशात गाजतात. न्यू ऑर्लिन्समध्ये 2007 साली 'रूट्स ऑफ म्युझिक' हा उपक्रम सुरू झाला. महापुरात उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरातल्या गरीब मुलांना शाळा सुटल्यावर बँड शिकवतात, सोबत अभ्यासही घेतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या ऑर्केस्ट्रातले ट्रॉम्बोनवादक वेस्टन स्प्रॉट हे कृष्णवर्णीय आहेत आणि 2018 साली ते ज्युलियार्ड या विख्यात संस्थेच्या मुलांच्या विभागाचे प्रमुख झाले. असा वादक आकाशातून पडत नाही. त्याच्या मागे वर्गातला बँड असतो. आपल्याकडे बँड वरातीतच राहिला, वर्गात आला नाही. वाजवणाऱ्याची जात त्याला चिकटली होती, त्यामुळे त्याला विषय म्हणून शाळेत घ्यावे असे शिक्षण खात्यातल्या कोणालाही सुचले नाही.

आता पुन्हा जव्हारला येऊ. तारप्याची गोष्ट बँडपेक्षा वेगळी आहे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आपण दलित आणि आदिवासी असे जोडून बोलतो, पण दोघांचे दुःख एकसारखे नाही. वारली समाजात तारपा वाजवणे हे हलके काम नाही, मानाचे आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर हे वाद्य उभे राहते. वाजवणारा श्वास तुटू देत नाही; गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो. ट्रॉम्बोनवाल्यांतही हे थोड्यांनाच साधते. बायका-पुरुष हात गुंफून त्याच्याभोवती वळसे घेतात आणि तारपावाल्याकडे पाठ होऊ देत नाहीत. या वाद्याला कोणी अस्पृश्य मानले नाही. त्याला मारले ते दारिद्र्याने. भात कापणीला आले की तारप्याचा हंगाम सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत चालतो. दिवाळी झाली की पाडे ओस पडतात. वारली, कातकरी, कोकणा, ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, वसई-भिवंडीकडे कामाला निघतात, सोबत मुलेही. शिकायचे दिवस तेवढेच, आणि शिकवणारा म्हातारा मागे राहतो. 1992-93 साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले गेली तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. ज्या पाड्यावर मूल जगवणे हीच लढाई होती, तिथे तारपा शिकवण्याची चिंता कोण करणार?

मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते. माणसे मजुरीला खाली जातात, तारपा सरकारी कार्यक्रमापुरता खाली जातो, पाणी खाली जाते. वर काय येते? पावसाळी पर्यटक आणि सव्वीस जानेवारीच्या आसपास एखादा पुरस्कार.

आता कायद्याचे बोलू. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत कलाशिक्षण, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. वाचून बरे वाटते. पण त्याच ओळीत अट आहे: मुलांची संख्या शंभरापेक्षा जास्त असेल तर! जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यावरच्या शाळेत सहावी ते आठवीची शंभर मुले कुठून आणायची? डोंगर विखुरलेला, पाडे विखुरलेले, पट लहान. म्हणजे ज्या मुलांना घरी दुसरे कोणी शिकवणारे नाही, त्यांच्याच शाळेतून कायद्याने कलाशिक्षक वगळला. असा भेद कायद्यात उघड लिहिलेला नसतो, तो आकड्यात दडवलेला असतो. जिथे निदेशक नेमले गेले तिथेही तुटपुंजे मानधन, आणि तेही टिकवण्यासाठी त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवायला बोलवा, असे लिहून ठेवले आहे. मग विचारू या: भिकल्याबाबांच्या तालमीत तयार झालेला एखादा तरुण जव्हारच्या आश्रमशाळेत पगारी तारपा शिक्षक म्हणून का नेमला जाऊ नये? आश्रमशाळेत मुले शेकड्यांनी असतात, तिथे शंभराची अटही आडवी येत नाही. त्याला बी.एड. विचारू नका, त्याच्याकडून तारपा वाजवून घ्या. हवा तर पडदा लावा.

ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. 2024 पासून त्यात दरमहा सरसकट पाच हजार रुपये झाले, ही चांगली गोष्ट. पण अर्जासोबत कलावंत असल्याचे पुरावे जोडावे लागतात. चाळीस वर्षे वरातीत वाजवणाऱ्याने कसले पुरावे जोडायचे? वरातीच्या जुन्या फोटोत तो असतो, पण नवरदेवाच्या घोड्यामागे, अर्धा कापलेला. माझ्या त्या अशिलाकडे एकच पुरावा होता आणि तो लाथेने चेपला होता. बँडमालकाचा आणि ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा मानावा, अशी दुरुस्ती आपल्या संघटनांनी मागून घ्यायला हवी. संविधानाचा अनुच्छेद 29 स्वतःची वेगळी संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो आणि अनुच्छेद 46 अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक आणि आर्थिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो. हे दोन अनुच्छेद एकत्र वाचले तर संगीत शिक्षक ही मेहेरबानी उरत नाही.

सरकारला बोल लावले, आता थोडे स्वतःकडे. चळवळीने हलगी टाकली ते बरोबरच केले. 1927 साली महाडला मेलेली गुरे ओढणे सोडण्याचा निर्धार झाला, त्याच वाटेने गावकीची वाजवण्याची सक्तीही पुढे झुगारली गेली. त्यासाठी आपल्या माणसांनी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. पण दोष सक्तीचा होता, वाद्याचा नव्हता. सक्ती गेली तसे वाद्यही गेले आणि त्या जागी आपण काय आणले? चौदा एप्रिलला डीजेच्या भिंती! एका रात्रीचे भाडे लाखात, कानठळ्या फुकट. ज्या मिरवणुकीत वस्तीतल्या वीस बँडवाल्यांच्या चुली पेटल्या असत्या, तिथे पैसा जातो तो स्पीकरच्या मालकाकडे. वाचकांना हे रुचणार नाही, ठाऊक आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि वामनदादांच्या गाण्यांनी ही चळवळ खेड्यापाड्यांत नेली. त्या परंपरेची एकही पूर्णवेळ संगीत शाळा आपण गल्लीबोळातल्या इतक्या संस्था काढूनही उभी करू शकलो का, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यापुरते मोजावे. खुद्द बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ग्रंथांच्या आणि कामाच्या डोंगरात त्यांना गुरू नेमून शिकायला सवड झाली. आपण त्यांच्या टायकोटाचे पुतळे उभारले, व्हायोलिनचा वर्ग मात्र सुरू केला नाही.

करण्यासारखे एक काम आत्ताच्या आत्ता आहे. जव्हार आणि मोखाडा हे पाचव्या अनुसूचीतले क्षेत्र आहे, तिथे पेसा कायदा लागू आहे. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे आहे, आणि ठरवता येण्याजोग्या विषयांत शिक्षण आहे. दाभोशाच्या, वाळवंड्याच्या किंवा अन्य कोणत्याही गावच्या ग्रामसभेने ठराव केला की आमच्या शाळेत भात कापणीपासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून दोन दिवस तारपा शिकवणारा मानधनावर नेमावा आणि दहा तारपे बनवण्याचा खर्च निधीतून द्यावा, तर तो ठराव बाजूला सारणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाणार नाही. ठराव इतिवृत्तात मांडून घ्या, ग्रामसेवकाची सही घ्या, एक प्रत जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात देऊन पोच घ्या. तोंडी आश्वासनावर उठू नका. आणि शहरातल्या संगीत शाळांना एक पत्र लिहा: तुमच्याकडे परदेशी ट्रॉम्बोनवाला येईल तेव्हा पहिल्या रांगेच्या दहा खुर्च्या ठाणे-पालघरच्या बँडवाल्यांसाठी ठेवा, आणि त्यांची वाद्येही आत आणू द्या. नकार आला तरी तो लेखी घ्या.

ठरावाचा आणि पत्राचा असे दोन्ही मसुदे मी तयार केले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी या दैनिकाच्या कार्यालयात गावाचे नाव कळवावे. फी नाही. पुढची ग्रामसभा गाठायची आहे, तेवढे लक्षात ठेवून कळवावे.